अण्णांचा कान, दुसरी आवृत्ती

लष्कर शहर, शुक्रवार, २ ऑक्टोबर १९३१

काल माझं श्राद्ध झालं. खिरीत साखर कमी होती.

ही तक्रार कुठल्या खात्यात गुदरावी ते कळत नाही. दरबारात हत्तींपासून हुक्क्यांपर्यंत सगळ्यांची खाती आहेत. मेलेल्या माणसाच्या जेवणाची दाद घेणारं खातं मात्र अजून कुणा दिवाणाला सुचलेलं नाही. पंचवीस वर्षं मी ब्र काढला नाही. भोपळा सोसला. गवार सोसली, जी जिवंतपणीही सोसत नव्हती. पण वर्षाकाठी माणूस एकदा मरतो, त्या दिवशी तरी साखरेला हात आखडू नये.

बातमी गोविंदभटांची. माझ्या नावाच्या पानावर दरसाल तेच बसतात. जयेंद्रगंजात अण्णांच्या घरी जेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नई सडकेवर माझ्या ओट्याखाली उभे राहून मी काय जेवलो ते मला सांगतात. वर चढत नाहीत, पाणी घेत नाहीत, सुपारी आपली आपण कातरतात.

"वामनराव, वडे उत्तम झाले होते तुमचे. चटणीत आमसूल जरा पुढं गेलं. खीर मात्र..." मान हलवली.

"घरात काही बिनसलंय का?"

"मी जेवायला जातो. चौकशीला नाही." एवढं तोडून ते कधी बोलत नाहीत. सुपारी न संपवताच गेले.

१९०६ मध्ये रविवारी माझा बाप्तिस्मा झाला, बुधवारी अण्णांनी घटश्राद्ध करून मला मारून टाकलं. थोरला भाऊ शब्दाला पक्का. दहा मिनिटांच्या अंतरावर राहून पंचवीस वर्षांत त्याने मला एकदाही पाहिलेलं नाही. परवा इंदरगंजच्या चौकात समोरासमोर आलो. त्याने माझ्यातून पलीकडचं पानाचं दुकान पाहिलं.


शनिवार, ३ ऑक्टो.

पाद्रीसाहेब आले. नगरकडचे, सज्जन, पण सज्जनपणाला आवाज फार. 'बोटांची साक्ष' संपली म्हणे. दुसरी आवृत्ती काढायची, तीही आमच्याच छापखान्यात. म्हणजे प्रुफं माझ्याकडे. स्वतःच्या साक्षीतल्या चुका स्वतः काढायला बसणारा या संस्थानात मी पहिलाच असेन.

सोळा पानांची चोपडी. लेखक मी. मिऱ्यांची पुडी, पुडीच्या कागदावरची गोष्ट, मग आख्खं शुभवर्तमान, मग अण्णांनी वरवंट्याने ठेचलेली उजव्या हाताची दोन बोटं, मग बंबात जाळलेलं पुस्तक. दर नाताळात रविवारच्या शाळेत ती वाचतात आणि वाचून झाल्यावर मुलं रांगेने येऊन माझी बोटं मोजतात. आठच भरतात. मुलांना फार आनंद होतो.

सगुणा, म्हणजे आमचं गृहखातं, चहा ठेवता ठेवता म्हणाली, "पुन्हा छापताय ना? मग त्यात मी 'एक अनाथ कन्या' आहे, ते बदला. एकेचाळीस वर्षांची झाले."


रविवार, ४ ऑक्टो.

प्रार्थना हिंदीत. नंतरचं भांडण नेहमीप्रमाणे मराठीत.

दुपारी कपाट पुसलं. सबंध कपाट कुणी उचलून नेलं तरी चालेल, दोन-तीन वस्तू सोडून.

एक तर तो मिऱ्यांच्या पुडीचा कागद. तेविसाव्या वर्षी आईने दोन पैशांच्या मिऱ्या आणायला धाडलं, वाण्याने पुडी बांधली ती एका फाटक्या पुस्तकाच्या पानात. बाप आणि दोन मुलगे. धाकटा पैसे उधळून परत येतो, बाप मेजवानी घालतो. थोरला शेतावरून येतो, गाणं-बजावणं ऐकतो, आणि रागाने बाहेरच उभा राहतो. तिथं पान संपलं. मी तसाच मागं धावलो. वाणी म्हणाला, "बाकी पन्ने? जीरे में गए, भैया." उरलेली गोष्ट लष्करभर जिऱ्यातून वाटली गेली होती. इंदरगंजला पुस्तकं विकत फिरणारा एक म्हातारा ख्रिस्ती होता, त्याच्याकडून आख्खं पुस्तक घेतलं, एवढ्यासाठी की थोरला आत गेला का ते कळावं. आख्ख्या पुस्तकातही गोष्ट तिथंच संपते. तो आत गेला की नाही ते लिहिलेलंच नाही. मी असा फसून ख्रिस्ती झालो.

दुसरं सगुणाचं गीतांचं पुस्तक. त्याच्या पुठ्ठ्याचे दोन कोपरे नाहीत. संवत छपन्नच्या, म्हणजे १९०० सालच्या दुष्काळात ती दहा वर्षांची, आई रस्त्यात मेलेली, हातात मिशनच्या बाईने दिलेलं हे पुस्तक. पुठ्ठ्याला खळ लावलेली असते, खळ पिठाची. तिने कोपरे चावून खाल्ले. दातांच्या खुणा अजून आहेत. लोक म्हणतात अमुक ग्रंथाने मला जगवलं. हिच्याइतक्या अधिकाराने ते दुसरं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

आणि तांबडा ठोकळा, प्रवचनांचा, पाद्रीसाहेबांची भेट. त्याने गेल्या साली एक विंचू मारला. त्या प्रवचनांचा कुणावर परिणाम झालेला मी तेवढाच पाहिला.

चौथं माझंच. सोळा पानी. पुसलं नाही, तसंच ठेवलं.


सोमवार, ५ ऑक्टो.

प्रुफं आली. पान नऊ.

'थोरला बंधू वरवंटा घेऊन पुढे सरसावला. मी शांतपणे उभा होतो. मुखात प्रार्थना होती.'

'शांतपणे'वर पेन्सिल थांबली. अक्षराचा खिळा उलटा नाही, काना-मात्रा जागच्या जागी. छापील चूक एकही नाही. पुढे गेलो.

पान दहावर एक स्वल्पविराम काढला. पान अकरावर तोच परत घातला. दिवसभराची कमाई एवढीच.


बुधवार, ७ ऑक्टो.

(सगुणा लिहिते आहे. मी सांगतो आहे. ती गाळणार नाही म्हणाली.)

अकराच्या सुमारास छापखान्यात बाळू आला. अण्णांचा मुलगा, एकतिशीचा, तालमीत कसलेला, दरबारच्या हिशेबखात्यात नोकर. पंचवीस वर्षांत तो माझ्याशी बोललेला नाही. आजही आधी सोटाच बोलला.

पहिला घाव टेबलावर. जुळवलेलं पान उडालं, खिळे चहूकडे सांडले, दौत फुटली. दुसरा माझ्या खांद्यावर. तिसरा बरगड्यांत, मी खाली गेलो आणि तोंड खिळ्यांत पडलं. जिभेवर शिशाची चव. मग त्याने लाथ घातली, तीही मोजून, शिकवल्यासारखी.

हिंदीत बोलत होता. "किताब छपवाते हो? मेरे बाप को कसाई लिखते हो? सारा लश्कर पढ़े, मेरी औरत पढ़े?" प्रत्येक प्रश्नाला एक लाथ. प्रश्न संपत नव्हते.

हाताला मोगरी लागली. पान ठोकून सपाट करायची, लाकडाची, जड. डाव्या हाताने घातली. त्याचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत गेलं, तो गुडघ्यावर बसला. सोटा सुटला. मी उठलो. मला आठवतं, बरगड्या दुखत नव्हत्या. फार बरं वाटत होतं. मोगरी पुन्हा उचलली.

त्याला दिसत नव्हतं. त्याने डावा तळहात कानावर घट्ट धरला आणि मराठीत म्हणाला, "कान सोडा, काका."

फोरमन उस्तादने मागून माझा हात धरला. मोगरी सोडवायला त्याला बोटं एकेक उलगडावी लागली.

(हे सगळं मी, सगुणा, लिहिलं. कान सोडा म्हणजे काय ते विचारलं. सांगत नाहीत.)


शुक्रवार, ९ ऑक्टो.

आज स्वतः लिहितो. डावा हात तेवढा शाबूत. डॉक्टर म्हणाले दोन बरगड्या. दोन हा आकडा माझ्या नशिबी बांधलेला दिसतो.

बाळू तेव्हा सहा वर्षांचा. स्वयंपाकघराच्या दारात उभा होता म्हणजे. मला वाटायचं, अण्णांच्या आणि माझ्याखेरीज ज्यांनी पाहिलं त्या आई आणि घरातल्या बायका, आणि त्या तर सगळ्या गेल्या.

लिहून टाकतो.

अण्णांनी पुस्तक माझ्या वळकटीतून काढलं. मारलं नाही. शिवीही दिली नाही. जेवणं झाली होती, बायका पाट्याभोवती उद्याची चटणी वाटत होत्या. अण्णांचा आवाज गोड, कीर्तनकाराच्या तोडीचा. त्यांनी ती दोन भावांची गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवली. बाप बोबडा केला. धाकटा नाकात बोलणारा केला, हुबेहूब माझ्यासारखा. थोरला भारदस्त. बायका हसल्या. आई पदर तोंडाला लावून हसली. मला मार सोसला असता, त्याची तयारी करूनच मी महिनाभर झोपत होतो. हसण्याची तयारी केली नव्हती.

देवापाशी समई जळत होती. उचलली आणि अण्णांच्या डाव्या कानावर घातली. तेल खांद्यावर सांडून पेटलं.

ते पडले नाहीत. खांदा विझवला, माझा उजवा हात धरला, पाट्यावर ठेवला आणि वरवंटा दोनदा आणला. पाट्यावर मिरच्या अर्ध्या वाटलेल्या होत्या.

चोपडीत मिरच्या आहेत. समई नाही.

अण्णांना त्या कानाने त्यानंतर कधी ऐकू आलं नाही. हे मला गोविंदभटांनी सांगितलं. मी चटण्यांची चौकशी करत राहिलो.

का गाळलं? ठरवून नाही. पहिल्यांदा मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिलो, मिरच्यांपर्यंत आलो, तर पुढच्या बाकावर लोक रडत होते. रडणाऱ्या माणसाला मध्येच कसं सांगावं, की थांबा, आधी समईचं राहिलं. दुसऱ्या वेळी तसंच सांगितलं. तिसऱ्या वेळी पाठ झालं होतं. मग छापलं.


रविवार, ११ ऑक्टो. सर्वपित्री

सकाळी पाद्रीसाहेब. मोसंबी आणली. खाटेशेजारी बसून डोळे पुसले आणि म्हणाले, "वामनराव, देवानं नवा अध्याय दिला. बापाचा वरवंटा, मुलाचा सोटा. दुसरी आवृत्ती वीस पानांची करू. आणि कोतवालीत फिर्याद द्यायलाच हवी."

"फिर्यादीत मोगरी घालायची का?"

"कुठली मोगरी?"

मोसंबी आंबट होती.

दुपारी ओट्याखाली गोविंदभट. डोक्याला पगडी नाही, अंगावर उपरणं नाही. सर्वपित्रीच्या दिवशी भट रिकामा फिरताना पहिल्यांदा पाहिला. आज चढले. वरच्या पायरीवर बसले.

"अण्णांकडचं माझं उपाध्येपण गेलं. तीन पिढ्यांचं."

गेल्या चैत्रात मी त्यांना माझी चोपडी दिली होती. मागितली नव्हती त्यांनी. घ्या म्हटलं, नाव पहा, छापलंय. ती त्यांच्या पडशीत पडून राहिली. अण्णांची सून, बाळूची इंदू, वाचनाची वेडी. किराण्याच्या पुडीवरची अक्षरंही सोडत नाही. पडशी आवरताना तिला दिसली, तिने वाचायला मागितली, त्यांनी दिली. माझ्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी तिच्या पेटीत बाळूला सापडली.

"मग?"

"मनगट पिरगळलं तिचं. सुजून एवढं झालं होतं. त्याच हाताने तिने सगळा स्वयंपाक केला, वामनराव. साखरेचा डबा वरच्या फळीवर. हात पोचेना, मागायची सोय नव्हती. जेवढी वाटीत होती तेवढी घातली." आणि म्हणाले, "मी पानावर बसून तुमच्या वतीने नाक मुरडलं."

 माझ्या सोळा पानांत हे मनगट नव्हतं.

उठता उठता आणखी एक. "आणि बंबाचं काय लिहिलंत तुम्ही? पुस्तक जळालं कुठं? घडवंचीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली आहे ते. फुगलंय ओलीनं. मी पंचवीस वर्षं बघतोय."

"कुणी ठेवलं?"

"ते नाही माहीत. पण दिवाळीला घडवंची धुतात, तेव्हा परत सरकवून ठेवतात अण्णाच. सुनेला हात लावू देत नाहीत."

बंबातून धूर निघताना मी पाहिला होता, बाहेरच्या बोळातून, हाताला फडकं गुंडाळून. पंचवीस वर्षं त्या धुरावर दीड पान उभं आहे. गोवऱ्या असतील.


मंगळवार, १३ ऑक्टो.

सगुणाला सगळं सांगितलं. तिने मधे तोंड घातलं नाही, हे वाईट लक्षण.

मग कपाटातली माझी चोपडी काढली, पानं सुटी केली, एकेक चुलीत घातलं आणि त्यावर चहाचं आधण ठेवलं. "अठरा वर्षं," म्हणाली, "अठरा वर्षं मी मुलांना तुमची बोटं मोजायला लावली. त्या माणसाचा कान कुणी मोजला?"

चहा झाला. दोन कप ओतले. माझा माझ्यापुढे आदळला, अर्धा बशीत.

"त्या पोरीचं मनगट कोण शेकतंय?"

"मला काय माहीत."

"हे बरं आहे तुमचं."


गुरुवार, १५ ऑक्टो.

छापखान्यात गेलो. श्वास घेतला की बरगड्या मत देतात.

पान नऊ. 'मी शांतपणे उभा होतो. मुखात प्रार्थना होती.' यावर काट. समासात लिहिलं, डाव्या हाताच्या त्या कोंबडीपायी अक्षरात:

'पहिला घाव मी घातला. देवापाशी जळत असलेली समई उचलून मी थोरल्या भावाच्या डाव्या कानावर मारली. तो कान कायमचा गेला. त्यानंतर त्याने माझी बोटं ठेचली.'

पान बारावरचं बंबाचं सगळं काढलं. तिथं: 'पुस्तक जळालं नाही. त्याच्या घरी आहे.' कुठं आहे ते लिहिलं नाही. घडवंची ही त्याच्या घरची गोष्ट.

उस्तादने कागद उलटसुलट पाहिला. मराठी त्याला जुळवता येते, वाचता येते, कळते थोडी. समासावर बोट ठेवून म्हणाला, "पंडितजी, ये ग़लती छापे की नहीं है."

"नाही."

"तो ठीक कौन करेगा?"

"तू जुळव."

जुळवलं. संध्याकाळपर्यंत एक स्वच्छ कागद ओढून दिला. खिळ्यांवर अजून थोडं बाळूचं रक्त वाळलेलं होतं, तेलाने पुसून काढलं म्हणाला.

घरी सगुणा नाही. दिवेलागणीला आली. जयेंद्रगंजात गेली होती, अण्णांच्या मागच्या दाराशी. आंबेहळद आणि तुरटी घेऊन. इंदूने दार उघडलं, घेतली. सगुणा सांगते, पोरीने इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्या गोष्टीत, काकू, मोठा भाऊ आत जातो का हो?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला कुणी सांगितलेलं नाही."


शनिवार, १७ ऑक्टो.

पाद्रीसाहेबांनी प्रूफ वाचलं. प्रवचन देताना हात उडवणारा माणूस. आज दोन्ही हात टेबलावर सपाट.

"हे छापून कोण तारला जाईल, वामनराव?"

"मला ठाऊक नाही. न छापल्याने एक मनगट गेलं, एक कपाळ, दोन बरगड्या. तो हिशेब मला ठाऊक आहे."

"लोक काय म्हणतील? ख्रिस्ती झालेला माणूस समईनं..."

"ख्रिस्ती नव्हतो झालो. चार दिवस बाकी होते."

"मग लिहा की तसं. जुना मनुष्य, अंधारातला."

"आणि परवाची मोगरी? ती पंचवीस वर्षांच्या उजेडातली."

त्यांचा चेहरा पडला. मला या माणसाचा राग येत नाही, हीच पंचाईत. कॉलऱ्यात याने स्वतः प्रेतं उचलली होती. शेवटी म्हणाले, नगरला विचारावं लागेल. तोवर छपाई बंद. पानं दोरीने बांधून उस्तादने फळीवर ठेवली आहेत.

"उद्या साक्ष तुमची आहे," जाताना म्हणाले. "नेहमीचीच द्या."


रविवार, १८ ऑक्टो.

दिली. नेहमीची नाही.

मिरच्यांपर्यंत पोचायच्या आधीच समई आली, तेव्हा पुढच्या बाकावर ज्यांनी रुमाल तयार ठेवला होता त्यांची फार गैरसोय झाली. पुढं मोगरीही सांगितली. खाली बसलो. गीत कुणी सुरू करेना.

एक तरुण उठून बाहेर गेला. माझी चोपडी वाचून घर सोडून आलेला. आता बापाकडे जायचं त्याला तोंड नाही आणि माझ्याकडे बघायची इच्छा नाही. दाराशी थांबून माझ्या दिशेने थुंकला. बरोबर होतं. 

मागून एक म्हातारी म्हणाली, "कोनत्या कानावर मारलंत, मास्तर?"

"डाव्या."

"मंग तुमी त्येच्या उजव्या अंगानं जाऊन बोला की."

पंचवीस वर्षांत ही एवढी साधी गोष्ट एकाही पुस्तकात वाचली नव्हती.


मंगळवार, २० ऑक्टो. दसरा

लष्कर सगळं दरबारची सवारी बघायला. आज दारं उघडी असतात, कुणीही सोनं द्यायला येतं. कुणीही म्हणजे मेलेलं सोडून. पण तशी पाटी कुठं लावलेली नसते.

वाण्याकडून मिऱ्या घेतल्या. दुरुस्त प्रुफातलं पान नऊ घेतलं, अक्षरं बाहेर येतील असं, आणि पुडी बांधली. उजव्या हाताने बांधता येत नाही. वाण्याच्या मुलाने गाठ मारून दिली. आपट्याची पानं सगुणाने खिशात घातली होती.

जयेंद्रगंज. दारात बाळू. कपाळाला पट्टी. मला बघून हात आपोआप पट्टीकडे गेला, मग खाली आला. मी पायरीखाली उभा राहिलो, गोविंदभट माझ्या ओट्याखाली राहतात तसा.

"काय हवंय?"

"अण्णांना दे. मिऱ्या आहेत."

त्याने पुडी घेतली. वर छापलेलं वाचलं. ओठ हलले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी त्याच्या पट्टीकडे बघत होतो. टाके चार असावेत.

"त्यांना हल्ली दिसत नाही फारसं," तो म्हणाला.

"मग वाचून दाखव. उजव्या बाजूला बसून."

तो पुडी घेऊन आत गेला. ओसरीपलीकडच्या अंधारात घडवंचीवरचे हंडे दिसत होते. खाली बघण्याचा मोह झाला, पाहिलं नाही. बायकांच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग बाळूचा आवाज, सावकाश, तालमीतल्या माणसाने वाचावं तसा, प्रत्येक शब्दावर पाय ठेवून. 'पहिला घाव मी घातला.' समईपर्यंत आला. कानापर्यंत. बोटांपर्यंत. संपलं.

मी उभा होतो. रस्त्यावरून सवारीचा बँड गेला, त्यात आत कुणी काही बोललं असतं तरी ऐकू येणार नव्हतं. बँड लांब गेला. आत शांतच होतं. कुणी बाहेर आलं नाही. कुणी दारही लावलं नाही.

आपट्याची पानं पायरीवर ठेवली. किती वेळ थांबलो ते सगुणाने विचारलं. बरगड्या दुखायला लागेपर्यंत, म्हटलं.


बुधवार, २१ ऑक्टो.

जयेंद्रगंजाहून काही नाही. नगरहून पत्र नाही. फळीवरचं पान नऊ दोरीत तसंच. उस्ताद म्हणतो खिळे अडकून पडलेत, 'स' कमी पडतोय.

सकाळी गोविंदभटांच्या घरी शिधा घेऊन गेलो. माझ्या घरचं शिजवलेलं त्यांना चालत नाही, कोरडं चालतं. तांदूळ, कणीक, उडदाची डाळ, तूप. भोपळा नाही.

ते दारात आले. पंचा ओला होता. शिध्याकडे पाहून म्हणाले, "कुणाच्या नावानं घेऊ?"

"कुणाच्या नको. तुम्ही जेवा."

त्यांनी सूप पुढं केलं. एकेक कोरडा जिन्नस ओतला, तुपाची लोटी शेजारी ठेवली. शेवटी साखर होती, वेगळ्या पुडीत, कोऱ्या कागदात बांधलेली. ती सुपात न टाकता त्यांच्या हातावर ठेवली.

"ही?"

"त्या दिवशी खिरीत कमी पडली होती ती."

त्यांनी पुडी हातावर तोलली, मान हलवली आणि आत नेली.